हुरड्याचे पाहुणे आणि नोंदवही

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आणि शेतीच्या या जोडधंद्यास अधिकृत स्थान प्राप्त झाले. मार्गशीर्ष-पौषात हुरड्यासाठी शहरांतून येणारी माणसे ही अनेक केंद्रांची मुख्य मिळकत होय. या मिळकतीचा हिशेब बहुधा ठेवला जातो. परंतु तो रुपयांचा असतो. माणसांचा हिशेब ठेवणारा केंद्रचालक विरळा.

पुष्कळदा सरासरीवर भिस्त ठेवली जाते आणि तेथेच घात होतो. समजा, आठवड्यात २१० पाहुणे आले. म्हणजे दिवसाला ३०. प्रत्यक्षात शनिवारी ९०, रविवारी ९० आणि उरलेल्या पाच दिवसांत रोज ६ जण आलेले असतात. तीस जणांच्या बेताने माणसे लावणाऱ्याकडे रविवारी आगटीपाशी रांग लागते, तर मंगळवारी भाकरी करणाऱ्या स्त्रिया रिकाम्या बसतात.

यास्तव प्रत्येक दिवसाची स्वतंत्र नोंद हवी. गुरुवारपर्यंत किती जणांनी जागा राखून ठेवली, त्यांपैकी किती आले, कोणत्या वेळी आले, मुले किती, ताटांत अन्न किती उरले, एवढे लिहिले तरी पुरे. जागा नाही म्हणून फोनवर नकार दिलेल्यांचा आकडा कोणीच लिहीत नाही. वस्तुतः पुढील हंगाम किती वाढवावा हे तोच सांगतो. मोबाईलवरील साध्या तक्त्यात दोन हंगामांच्या नोंदी जमल्या, की गुरुवारचा आकडा पाहून रविवारचा अंदाज बांधता येतो.

या नोंदींचा उपयोग पेरणीपासूनच होतो, ही शेतकऱ्याची विशेष सोय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी दिलेला ‘फुले उत्तरा’ हा वाण सुमारे ९० ते १०० दिवसांत हुरड्यावर येतो, आणि कणसे त्या अवस्थेत थोडेच दिवस राहतात. सगळे रान एकाच दिवशी पेरले, तर पहिल्या रविवारी कणसे उरतात आणि चौथ्या रविवारी पाहुण्यांपुढे निबर दाणा येतो. २० सप्टेंबरपासून आठ-दहा दिवसांच्या अंतराने पट्टे पाडून पेरावे. पट्ट्याची रुंदी गतवर्षीच्या गर्दीवरून ठरवावी.

मात्र आकड्यांचा एक दुरुपयोगही संभवतो. पाहुणे कमी दिसताच सकाळी आलेल्या मजूर स्त्रीस परत पाठविणे काहींना काटकसर वाटते. तिने त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतातील खुरपणी सोडलेली असते. अंदाज चालकाचा, तो चुकल्यास भुर्दंडही त्यानेच सोसावा. बोलावलेल्या मजुरास पूर्ण रोज द्यावा आणि नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना आखावा. दोन-तीन रविवार त्यात आकडे भरावे लागले, की गुरुवारचा अंदाज अधिक काळजीपूर्वक बांधला जातो.