हात हलला, की पडदा?

दिवाळीचा फराळ संपत आला की घरोघरी प्रवासाचे बेत शिजू लागतात. मोबाइलने फोटो निघत असले तरी छोटा मिररलेस कॅमेरा हौसेने बाळगणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा मंडळींचे दोन प्रश्न हटकून येतात. प्रवासाला झूम कोणती घ्यावी? आणि नवी लेन्स घेतली, हातही स्थिर होता, तरी फोटो पुसट का आला? दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

झूम काही आजची नव्हे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी फोक्टलेंडर कंपनीने ‘झूमार’ आणली ती १९५९ साली. तिचा पल्ला ३६ ते ८२, म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. आज मायक्रो फोर थर्ड्स जातीच्या कॅमेऱ्याला पॅनासॉनिकची १४-१४० दहापट पल्ला देते आणि तिचे वजन अवघे २६५ ग्रॅम. ऑलिंपसची १२-१०० आली २०१६ साली. तिचे वजन ५६१ ग्रॅम. मात्र तिचे छिद्र लांबच्या टोकालाही एफ ४ इतके उघडे राहते.

मग घ्यावी कोणती? वेरूळचे कैलास लेणे डोळ्यांपुढे आणा. प्रांगणात मागे सरायला जागा थोडी. तेथे १२ आणि १४ मधला फरक चांगलाच जाणवतो. मंडपाच्या छतावरचे सिंह टिपायचे तर लांबचे टोक हवे. अजिंठ्याला गोष्ट निराळी. आत उजेड मंद आणि फ्लॅशला बंदी. तेथे एफ ५.६ च्या मानाने एफ २.८ ची लेन्स चौपट उजेड घेते, आणि दहापट पल्ल्याचा काही उपयोग नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मागच्या दोन प्रवासांचे फोटो काढून बसावे. प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर घेतला, याची नोंद कॅमेरा ठेवतोच. बहुतेक फोटो रुंद टोकाचे निघाले, तर लांब पल्ल्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. दिवसाला एक हलकी झूम आणि दिव्यांच्या उजेडासाठी एक छोटी, मोठ्या छिद्राची स्थिर लेन्स, ही जोडी पुष्कळांना पुरते.

आता पुसटपणाकडे वळू. मिररलेस कॅमेऱ्याचे शटर एरवी उघडेच असते, कारण त्याशिवाय पडद्यावर चित्र दिसणार नाही. बटण दाबताच ते आधी खटकन बंद होते, मग उघडते, आणि चित्र घेऊन पुन्हा बंद होते. त्या पहिल्या धक्क्याचा कंप शमण्याआधीच चित्र घेणे सुरू होते. कॅमेरा हलका, लेन्स हलकी, त्यातून झूम लांबवर ताणलेली, की धक्का अधिक जाणवतो. लेन्समधली कंपरोधक योजना हाताच्या संथ थरथरीसाठी असते. या झटक्यापुढे ती बहुधा थिटी पडते.

याची एक खूण ध्यानात ठेवावी. हाताचा दोष शटरचा वेग वाढवावा तसा कमी होत जातो. शटरचा दोष मात्र साधारण १/६० ते १/२५० सेकंदाच्या दरम्यान जास्त. १/१५ ला नीट आलेला फोटो १/१२५ ला बिघडतो. संथ वेगात कंपाचा काळ एकूण काळाचा लहानसा भाग असतो, आणि फार जलद वेगात चित्र कंपाला फारसा वाव देत नाही.

घरी परीक्षा सोपी आहे. मराठी वर्तमानपत्राचे पान खिडकीजवळच्या भिंतीला चिकटवा. आयएसओ बदलत १/१५ पासून १/५०० पर्यंत प्रत्येक वेगाला पाच-सहा फोटो घ्या आणि मोठे करून पाहा. पान सरळ आणि कॅमेरा आडवा धरलेला असेल, तर शटरचा झटका वर-खाली बसतो. त्यामुळे अक्षरांची शिरोरेषा दुहेरी दिसते, काना मात्र रेखीव राहतो. सारेच अक्षर सारखे विरघळले असेल, तर दोष फोकसचा.

दोष शटरचा निघाला, तर लेन्स बदलायला धावू नका. नव्या लेन्सलाही तोच धक्का बसेल. कॅमेऱ्याच्या यादीत ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’ शोधा. त्यात पहिला पडदा यंत्राने हलत नाही, म्हणून धक्काच नाही. ऑलिंपसने ई-एम१ ला ही सोय २०१४ मध्ये ‘शून्य सेकंद अँटिशॉक’ या नावाने सॉफ्टवेअरमधून दिली. सोनीच्या २०१३ च्या ए७आर मध्ये ती नव्हती. २०१५ च्या ए७आर २ मध्ये आली. जुना कॅमेरा घेताना हे विचारून घ्यावे. १/२००० च्या पुढे मात्र साधे शटरच बरे. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द खरे, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत धावती गाडी तिरकी दिसते आणि एलईडी माळांच्या उजेडात फोटोवर पट्टे उमटतात.

यांपैकी काहीच सोय नसेल, तर उजेड असता १/३२० च्या वर राहावे, नसता खांबाला टेकून संथ वेग घ्यावा. निघण्यापूर्वी एक संध्याकाळ या परीक्षेला द्यावी. लेन्स पुन्हा विकत घेता येते. आजीला घेऊन पुन्हा वेरूळला जाणे होईलच, असे नाही.