सांताक्लॉजची मांडी

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला उचलून सांताक्लॉजच्या मांडीवर ठेवणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जामीन मिळायला हरकत नाही, पण मोबाइल तरी जप्त व्हावा.

तुम्ही म्हणाल, निघाले हे संस्कृती वाचवायला! छे हो. परदेशी पाहुण्याशी माझे वैर नाही. ज्या ठेच्याच्या जोरावर आम्ही निलंगेकर मिशीला पीळ देतो, त्यातली मिरची पोर्तुगिजांच्या गलबतातून आली आणि शेंगदाणाही अमेरिका खंडातलाच. मराठी ख्रिस्ती घरांतला नाताळ तर मला मनापासून आवडतो. माझे भांडण फक्त त्या मांडीशी आहे.

गेल्या वर्षी आमच्या पावणेतीन वर्षांच्या नातीच्या बालवर्गातून चिठ्ठी आली. सांता येणार, पालकांनी दोनशे रुपयांच्या आतली भेटवस्तू वेष्टनात गुंडाळून, वर पाल्याचे नाव लिहून, आदल्या दिवशी कार्यालयात जमा करावी. म्हणजे खरेदी माझी, पैसे माझे, बाजारात पायपीट माझी, आणि 'थँक्यू' मात्र दाढीवाल्याला. याला आमच्याकडे आहेर परस्पर फिरवणे म्हणतात. असो.

पटांगणात अकराच्या उन्हात प्लॅस्टिकचे झाड उभे होते आणि त्याच्या शेजारी कापसाची दाढी लावून, घाम निथळत, सांता बसला होता. रांगेतली निम्मी पोरे आधीच गळा काढून मोकळी झाली होती. आमची मात्र शांत होती. तिला मांडीवर ठेवले, सांता "हो हो हो" करून हसला, आणि पोरीने अशी किंकाळी फोडली की झाडावरचे खरे कावळे उडाले.

"कामून रडायलीस गं? स्माइल कर, स्माइल!" बाई म्हणाल्या.

"बाबा, तुम्ही बाजूला सरका, एकच फोटो," चिरंजीव म्हणाले.

मी सरकलो नाही. पोर उचलली. त्या फोटोत आता माझी पाठ तेवढी आहे, आणि सूनबाई दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलल्या. घरी येऊन पाणी प्यायल्यावर पोरीने हुंदके देत खुलासा केला, "आजोबा, त्यानं मामाला खाल्लं."

मामा म्हणजे तिचे रिक्षावाले मामा. तिचे जीव की प्राण. सांता तेच झाले होते. तिने आवाज बरोबर ओळखला होता. फक्त तो भलत्याच माणसाच्या पोटातून येत होता. आता सांगा, तुमच्या साहेबांचा आवाज उद्या एखाद्या लाल पोत्यातून आला तर तुम्ही स्माइल कराल?

मूल आठ-नऊ महिन्यांचे झाले आणि परक्याला पाहून रडू लागले की आपण कौतुकाने म्हणतो, "ओळखायला लागलं हं!" तेच मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की तीच हुशारी भित्रेपणा कशी ठरते? वर्षभर बजावायचे की अनोळखी माणसाकडून गोळी घेऊ नये, आणि डिसेंबरात तोंड झाकलेल्या अनोळखी माणसाच्या मांडीवर बसवून त्याच्याच हातून गोळी द्यायची. मुलाने नेमके काय शिकावे, ते तरी एकदा ठरवा.

आमच्या लहानपणीही वेष घेतलेले लोक दारी येत. मोरपिसांच्या टोपीचा वासुदेव येई, आसूड ओढणारा पोतराज येई. पोतराज दिसला की आम्ही आईच्या पदरामागे. पण पदर बाजूला करून "जा, त्याच्या कडेवर बस" असे म्हणणारी आई मी तरी पाहिली नाही.

गंमत म्हणजे मूळ गोष्टीत ही भेट नाहीच. ज्याच्यावरून हे सगळे सुरू झाले तो संत निकोलस चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. त्याने एका गरीब बापाच्या तीन मुलींसाठी रात्री, कुणाला कळू न देता, सोने टाकले अशी आख्यायिका आहे. पुढचा सांताही धुराड्यातून येतो तो मुले झोपल्यावर! दिसायचे नाही, हीच त्याची खानदानी रीत. दिवसाढवळ्या त्याला दुकानात उभे करण्याचा मान अमेरिकेतल्या ब्रॉकटन गावच्या जेम्स एडगर नावाच्या दुकानदाराला, 1890 साली, देतात. म्हणजे देण्याची कल्पना संताची आणि दाखवण्याची दुकानदाराची. आपण कोणाची उचलली ते उघडच आहे.

नाताळच्या आगेमागेच आमच्याकडे येळवस येते. 2022 साली 23 डिसेंबरला होती, 2024 साली 30 ला. अख्खा लातूर जिल्हा शेतात. कडब्याची कोप, चुना लावलेले पांडव, भज्जी, उंडे, माठातली गार आंबील. शेतात ओळखीचे दहा तर अनोळखी वीस. पोरगी सकाळी आजीच्या लुगड्याला चिकटलेली असते. कोणी ओढत नाही. दुपारी ती स्वतःच कोणाच्या तरी ताटातला उंडा पळवते. संध्याकाळी परतताना ती ज्याच्या खांद्यावर झोपलेली असते, त्याचे नावही आम्हाला नीट ठाऊक नसते.

तेव्हा शाळेने सांता जरूर आणावा. पण दाढी मुलांच्या समोर लावावी, आधी मामा दिसू द्यावेत. मांडी बंद. ज्याला जवळ जायचे तो जाईल, ज्याला नाही तो लांबून टाळ्या वाजवील. फोटो काढायचाच तर चिरंजिवांनी स्वतः मांडीवर बसावे.

आणि वेष्टनावर पाल्याच्या नावाखाली, बारीक अक्षरात का होईना, 'खर्च : आजोबा' एवढे लिहिण्याची परवानगी असावी.