वसतिगृहाची निवड आणि सोबत

अभियांत्रिकीचा प्रवेश एकदा मुक्रर झाला, की पेडणे आणि डिचोली या महालांतील घराघरांत जो पहिला प्रश्न उभा राहतो, तो अभ्यासक्रमाचा नसून निवासाचा असतो. १९६७ साली स्थापन झालेले गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय फोंड्याजवळ फर्मागुडीच्या पठारावर आहे. डिचोलीचा विद्यार्थी तेथे रोज जाऊन येऊन शिकू शकेल. परंतु पेडण्याच्या मुलामुलींना म्हापसा, पणजी, फोंडा असे टप्पे ओलांडीत, गाड्या बदलीत जावे लागते, आणि ज्या सायंकाळी सहाध्यायांशी स्नेह जुळावयाचा, ती सायंकाळ प्रवासातच खर्ची पडते. म्हणूनच, ऐपत असल्यास निदान पहिले वर्ष तरी वसतिगृहात काढावे, असे आमचे निःसंदिग्ध मत आहे. भाड्याच्या खोलीत मोकळीक अधिक, पण एकाकीपणही अधिक.

वसतिगृहात सोबत जुळविण्यासाठी घरची कलाच उपयोगी पडते: गावच्या भजनी सप्ताहात ज्याने पखवाज वाजविला, दशावतारात ज्याने सोंग घेतले, त्याने ती विद्या संकोचाने घरी ठेवू नये. २०१६ साली महाविद्यालयाच्याच आवारात आयआयटीचे वर्ग सुरू झाल्यापासून परप्रांतीय विद्यार्थीही शेजारी आले आहेत, त्यांना शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेचे आमंत्रण अगत्याने द्यावे. वसतिगृहाच्या अर्जाची मुदत मात्र पालकांनी आजच विचारून घ्यावी.