दारावरून जाणारी लोकर वाया जाऊ देऊ नका

शहापूर-मुरबाडच्या ताई-दादांनो,

भाताची झोडणी उरकली, दाणे कणगीत गेले, पेंढा रचून झाला, की आपल्या भागात हाताला थोडी उसंत मिळते. मुलांना नाताळची सुट्टी असते. घराघरांत मार्गशीर्षातले गुरुवार चालू असतात आणि पुढे पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. याच दिवसांत अंगात हुडहुडी भरवणारी थंडी पडते, विहिरीला अजून पाणी असतं आणि माळशेज घाट उतरून धनगरांचे वाडे आपल्या मोकळ्या खाचरांत येऊन बसतात. थंडी, पाणी, लोकर आणि रिकामा वेळ या चारही गोष्टी वर्षातून एकदाच अशा एकत्र येतात. म्हणून विनंती करायची आहे, की यंदा घरात निदान एक तरी लोकरीची टोपी अशी करा, जिची लोकर तुम्हीच पिंजली, कातली, रंगवली आणि विणली असेल.

मेंढपाळ आपल्याला नवे नाहीत. पारनेर, जुन्नर, संगमनेरकडचे हे लोक दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी परत घाट चढतात. शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत मिळतं, म्हणून आपण त्यांना धान्य किंवा पैसे देतो. पण खताचा हिशेब झाला की आपलं बोलणं संपतं. लोकरीची चौकशी कोणी करत नाही. दख्खनी मेंढी वर्षातून साधारण दोनदा कातरतात आणि तिची वर्षभराची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. ही लोकर जाडीभरडी असते. एकेकाळी सणगर समाजाचे कारागीर ती विकत घेऊन, सुताला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणत. मग पानिपतची स्वस्त ब्लँकेटं आली, ॲक्रिलिकचे स्वेटर आले आणि लोकरीचा भाव पडला. आता कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून कितीतरी मेंढपाळ लोकर तिथेच टाकून देतात. एवढ्या कामाची वस्तू आपल्या बांधावर पडून राहते आणि आपण बाजारातून प्लास्टिकच्या धाग्याची टोपी आणतो, ही गोष्ट मनाला लागण्यासारखी आहे.

तेव्हा पहिलं काम सोपं आहे. यंदा वाडा शेतात बसला की लोकरीबद्दल विचारा. कातरणी कधी आहे ते विचारून घ्या आणि फुकट न मागता पैसे देऊन किलोभर लोकर घ्या. कोकरांची पहिल्या कातरणीची लोकर मिळाली तर ती आधी घ्या. तिला जावळ म्हणतात आणि ती सगळ्यात मऊ असते. पोटाखालची आणि शेपटीजवळची चिकटलेली लोकर बाजूला काढा, ती झाडाच्या आळ्यात घाला. उरलेली कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी घालून तासभर भिजत ठेवा. चोळू नका, पिळू नका. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकू नका. असं केलं की लोकर आटते आणि तिचा नमदा होतो, मग ती कातता येत नाही. दोन-तीन पाण्यांतून काढून सावलीत पसरा.

वाळलेली लोकर बोटांनी मोकळी करणं हे म्हाताऱ्या माणसांचं आणि मुलांचं काम. गप्पा मारता मारता होतं. काटे, कुसळं गळून पडतात आणि लोकर फुलून येते. पिंजायला धनुकली नसेल तर कुत्र्याचे केस विंचरायचे तारांचे दोन ब्रश घ्या, तेवढ्यावर काम भागतं. विंचरलेल्या लोकरीची सैल गुंडाळी केली की पेळू तयार.

कातायला चरखाच हवा असं नाही, टकळी पुरते. बांबूची दीड वीत गुळगुळीत काडी, खालच्या टोकाला लाकडाची किंवा भाजलेल्या मातीची चकती आणि वरच्या टोकाला धागा अडकवायला छोटी खाच. आपल्याकडे बांबूचं काम जाणणारी माणसं पाड्यापाड्यावर आहेत, ती अशी टकळी तासाभरात करून देतील. डाव्या हातात पेळू अगदी सैल धरायचा, उजव्या हाताने टकळीला गिरकी द्यायची आणि पीळ वर चढत असताना लोकर हळूहळू सोडायची. पहिल्या दिवशी धागा तुटेल. एका जागी जाड येईल, दुसऱ्या जागी केसासारखा बारीक. मुलांना त्यावरून बोलू नका. तुटलेली दोन्ही टोकं फुलवून एकमेकांवर ठेवली आणि पीळ दिला की सांधा बसतो. दोन टकळ्या भरल्या की दोन्ही धागे एकत्र करून उलट्या दिशेने पीळ द्या. दुपदरी धागा मजबूत होतो आणि विणताना वाकडा ओढत नाही. मग हाताचा पंजा आणि कोपर यांच्यामध्ये गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा आणि एकदा कोमट पाण्यातून काढून वाळवा.

गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात पेटी चरख्यावर मेहनत घेतली आणि वर्ध्याच्या नई तालीमने 1937 नंतर कातणं शाळेत आणलं, त्यामागे एक सरळ विचार होता: हाताने काही घडवताना मूल मोजायला, धीर धरायला आणि कष्टाची किंमत करायला शिकतं. आश्रमशाळेतल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजी-बाईंना माझं सांगणं आहे, की सुट्टीआधी वर्गात एक दिवस टकळी फिरवून दाखवा. बाकीचं मुलं घरी करतील.

आता रंग. आपल्या डोंगरात रंगाला तोटा नाही, पण झाडाला इजा न करता रंग घ्यायचा हे पहिलं पथ्य. खैर तोडू नका, ऐनाची उभी साल काढू नका. काथ किराण्याच्या किंवा पानाच्या दुकानात मिळतो. खैराचा काथ काढणारे म्हणून कातकरी हे नाव पडलं, इतका तो इथल्या मातीतला आहे. त्याचा तपकिरी रंग लोकरीवर फार छान बसतो. कांद्याच्या सालींचा सोनेरी येतो, डाळिंबाच्या सालींचा हिरवट पिवळा. आणि या दिवसांत सगळ्यात हाताशी असतो तो झेंडू. गुरुवारच्या पूजेचे, दत्तजयंतीचे हार ओढ्यात सोडण्यापेक्षा दोरा काढून फुलं सावलीत वाळवा. देवाला वाहिलेलं फूल कोणाच्या तरी अंगावरची ऊब होणार असेल तर त्यात देवाचा अपमान नाही. फाल्गुनात पळस फुलला की खाली पडलेली फुलं वेचून ठेवा, ती पुढच्या थंडीला कामी येतील.

प्रमाण लक्षात ठेवा. शंभर ग्रॅम लोकरीला पंधरा ग्रॅम तुरटी आणि तीन लिटर पाणी. तुरटी कोमट पाण्यात विरघळवा, त्यात आधी भिजवलेली लड सोडा आणि मंद आचेवर हळूहळू तापवा. खळखळ उकळी येऊ देऊ नका. पाऊण तास ठेवा आणि रात्रभर त्याच पाण्यात निवू द्या. दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅम वाळलेला झेंडू तासभर उकळून गाळून घ्या आणि त्या पाण्यात लड तशीच मंद आचेवर तासभर ठेवा. लड ढवळताना घासू नका, फक्त वरखाली करा. उघडल्यावर हळदीहून गडद पिवळा दिसेल आणि हळदीसारखा तो उन्हात लगेच उडणार नाही. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी दोन-तीन आठवडे मुरवलं की लोखंडाचं काळं पाणी तयार होतं. डाळिंबाच्या किंवा हिरड्याच्या रंगात ते चमचाभर घातलं की करडा, काळपट रंग येतो. जास्त घालू नका, लोकर ठिसूळ होते. सुती धागा रंगवायचा असेल तर आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवा, नाहीतर सूत रंग नीट धरत नाही.

तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. रंगाचं भांडं वेगळं ठेवा, त्यात पुन्हा स्वयंपाक नको. मोरचूद किंवा दुसरी जालीम रसायनं घरात आणू नका. आणि पाणी जपा. भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. म्हणून रंगकाम थंडीतच उरकायचं. एका रंगाच्या पाण्यात दुसरी, तिसरी लड काढायची, प्रत्येक वेळी फिकी छटा मिळते. उरलेलं पाणी विहिरीपासून लांब, शोषखड्ड्यात टाकायचं.

विणायला सुया विकत घेतल्या तर उत्तमच. नाहीतर बांबूच्या काड्या पॉलिश पेपरने घासून टोक काढा, हाताने कातलेल्या जाड धाग्याला त्या चांगल्या चालतात. नवशिक्यांनी आधी मफलर घ्यावा: तीस टाके घालायचे आणि सगळ्या ओळी सुलट विणायच्या. हात बसला की एक सुलट, एक उलट अशी टोपीची कड घ्या, ती कानावर घट्ट बसते. चुकलं तर उसवा. धागा तुमचाच आहे, तो वाया जात नाही. दख्खनी लोकर अंगाला थोडी टोचते, म्हणून टोपीला आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावा. तान्ह्या बाळाच्या टोपड्याला मऊ सुती धागाच वापरा.

एक गोष्ट जिवाची आहे. थंडीत आपण शेकोटीभोवती बसतो. ॲक्रिलिकच्या धाग्यावर ठिणगी पडली तर तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. लोकर सहसा भडकत नाही आणि वितळत तर नाहीच. तुमच्या घरातला स्वेटर कशाचा आहे ते पाहायचं असेल तर त्यातला वीतभर धागा चिमट्यात धरून मोठ्या माणसाने पेटवून पाहावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर, कागद जळल्यासारखा वास आला तर सूत, टोकाला कडक मणी झाला तर प्लास्टिक. ज्या मुलांच्या अंगावर असा मणी होणारे कपडे आहेत, त्यांना शेकोटीपासून लांब बसवा.

आणि शेकोटीला सगळ्यात जवळ कोण बसतं? वीटभट्टीवरची मुलं. दिवाळी झाली की आपल्याच पाड्यांवरची कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या आणि इथल्याही भट्ट्यांवर जातात. त्यांना ही उसंत नाही, सुट्टी नाही. पहाटेच्या गारठ्यात त्यांची लेकरं उघड्या डोक्याने फिरतात. ज्यांच्याकडे थंडीत वेळ आहे, त्यांनी पहिली टोपी आपल्या घरात ठेवली तरी दुसरी तिथे द्यावी.

बचत गटाच्या बायांना हे काम पैशाचंही होऊ शकतं. म्हशाच्या जत्रेत आजही घोंगड्या मिळतात, म्हणजे लोकरीची पारख असलेलं गिऱ्हाईक आहे. माहुली आणि माळशेजला थंडीत फिरायला शहरातली माणसं येतात. पण दोन पथ्यं पाळा. ॲक्रिलिक मिसळून शुद्ध लोकर म्हणून विकू नका, एकदा शब्द गेला की गिऱ्हाईक परत येत नाही. आणि किंमत लावताना लोकर, तुरटी, फुलं यांच्याबरोबर आपले तास मोजा. कातण्याचे तास विणण्यापेक्षा जास्त असतात, ते फुकट धरू नका. पहिल्या वर्षी विक्रीची घाई नको. आधी हात बसू द्या, रंग दोन-चार धुण्यांत टिकतो का ते पाहा आणि मगच जत्रेत दुकान मांडा.

यंदा वाडा शेतात आला की चहाला बोलवा, खताचा हिशेब करा आणि त्याच बैठकीत लोकरीचा भाव ठरवा. गावातल्या पाच घरांनी मिळून पाच किलो लोकर घेतली तरी मेंढपाळाला कातरणीचे पैसे सुटतील आणि पाच घरांतल्या मुलांच्या हातात टकळी येईल. सुट्टीची वाट पाहू नका, या आठवड्यातच विचारा.