सरासरीआड लपलेल्या रक्तपेशी

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की घरातील मंडळींची नजर प्रथम हिमोग्लोबिनच्या आकड्यावर जाते. तो कमी असला की लोहाच्या गोळ्या, खजूर, बीट यांची योजना सुरू होते. परंतु हिमोग्लोबिन कमी आहे, एवढेच तो आकडा सांगतो. ते का कमी झाले, याचा माग तांबड्या पेशींचे आकारमान आणि घडण यांतून लागतो.

निरोगी तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट अशा चकतीसारखी असते. तिचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर भरतो. लोह कमी पडले की पेशी लहान व फिकट होतात. जीवनसत्त्व बी-१२ कमी पडले की त्या मोठ्या व लांबट गोल होतात. अहवालातील ‘एमसीव्ही’ हा आकडा पेशींचे सरासरी आकारमान दर्शवितो. प्रौढांमध्ये तो साधारणतः ८० ते १०० फेम्टोलिटर असतो.

मात्र ही सरासरी कधी कधी फसवी ठरते. शाकाहारातील लोह शरीरात कमी शोषले जाते आणि दूधदुभते अल्प असल्यास बी-१२ देखील अपुरे पडते. दोन्ही उणिवा एकत्र आल्या की लहान व मोठ्या पेशींची सरासरी चक्क ‘सामान्य’ येऊ शकते. मग केवळ लोह घेतले जाते, आणि बी-१२ अभावी हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण होणे असे मज्जासंस्थेचे त्रास वाढत राहतात. उपचारास फार विलंब झाल्यास ही हानी पूर्णपणे भरून येत नाही.

म्हणूनच एकेक पेशी पाहण्याचे महत्त्व. १९१० मध्ये इंग्लंडमधील सेसिल प्राइस-जोन्स यांनी पेशींचे व्यास एकेक करून मोजले आणि त्यांतील लहानमोठेपणाचा आलेख मांडला. आज हेच काम प्रगत सूक्ष्मदर्शक करतात. पेशीतून जाताना प्रकाशलहरी किंचित मागे पडते. या तत्त्वावर आधारलेल्या सूक्ष्मदर्शकाबद्दल फ्रिट्स झेर्निके यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक लाभले. आता तो विलंब अचूक मोजून, कोणताही रंग न वापरता, प्रत्येक पेशीची जाडी, घनफळ आणि तिच्यातील हिमोग्लोबिन यांचा हिशेब मांडता येतो.

अशी उपकरणे अद्याप प्रामुख्याने संशोधनशाळांत आहेत; पण त्यांच्यासाठी थांबण्याचे कारण नाही. नेहमीच्या अहवालातील ‘आरडीडब्ल्यू’ हा आकडा पेशींच्या आकारमानातील तफावत दाखवितो. तो वाढलेला असेल, तर एमसीव्ही सामान्य असूनही डॉक्टरांना अवश्य विचारावे. काचपट्टीवरील रक्ताची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, फेरिटिन आणि बी-१२ या चाचण्यांतून बहुधा उलगडा होतो. गोळी कोणती घ्यावी, हे त्यानंतरच ठरावे.