आधी फोन कुणी करायचा?

उमरीसारख्या तालुक्याच्या गावांत दिवाळीच्या सुट्टीला हल्ली एक नवा कार्यक्रम जोडला गेला आहे. दहावीच्या जुन्या बॅचचा स्नेहमेळावा. मंगल कार्यालय ठरतं, वर्गणी निघते, जुन्या सरांना शाल-श्रीफळ दिलं जातं, फेटे बांधून फोटो काढले जातात आणि रात्रीपर्यंत ते व्हॉट्सॲपवर फिरतात. कार्यक्रम चांगलाच आहे, त्याची टिंगल मला करायची नाही. पण फोटो जरा नीट पाहा. हजेरीपटावर जी सात-आठ मुसलमान मुलं होती, त्यातली किती दिसतात? आलीच असली तर एका टोकाला एकत्र उभी असतात आणि जेवण होताच निघालेली असतात. ज्याच्याबरोबर दहा वर्षं एका बाकावर काढली, त्याच्याशी बोलणं 'काय चाललंय, बरं चाललंय' एवढ्यावर संपतं.

लांब गेलेली दोस्ती मेळाव्यात जवळ येत नाही, असं माझं मत आहे. ती दोघांतच जुळते आणि त्यासाठी दोघांपैकी एकाला आधी फोन करावा लागतो. तो आपण करावा, समोरच्याची वाट पाहत बसू नये, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. ते सोपं का नाही, हेही सांगायला हवं.

माझा एक मित्र होता, आता पुन्हा आहे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिलीपासून आम्ही बरोबर होतो. त्याची गल्ली आणि आमचा मोहल्ला यांच्यामध्ये फक्त एक रस्ता होता. तो आमच्या घरी दखनी बोलायचा, मी त्याच्या घरी मराठी. दखनीतला 'नक्को' आणि जोर देण्यासाठी शेवटी लावायचा 'च' मराठीतूनच आलेले, त्यामुळे त्याला फार शिकावं लागलं नाही. ईदला तो शिरखुर्म्याला यायचा, दिवाळीत मी फराळाला जायचो. 'हिंदू-मुस्लिम ऐक्य' हे शब्द आम्ही फक्त निबंधात लिहायचो. ते आपल्या दोघांबद्दल आहेत असं कधी मनातही आलं नाही.

आमचं भांडण कधीच झालं नाही, हे मुद्दाम सांगतो. दहावीनंतर तो आयटीआय करून पुण्याजवळ चाकणला कारखान्यात लागला. मी नांदेडला शिकलो आणि तिथंच राहिलो. भेटणं वर्षातून दोनदा, मग एकदा, मग फक्त लग्नकार्यात. आमच्याकडची धाकटी भावंडं उर्दू शाळेत गेली, त्याच्याकडची इंग्रजी शाळेत. आपल्या भाषेत शिकणं हा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका वर्गात बसण्याची जी जागा होती ती गेली. शहरात खोली शोधताना नाव सांगितलं की 'खोली कालच गेली' असं उत्तर यायचं, म्हणून शेवटी आपल्याच लोकांच्या वस्तीत खोली घेतली. शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, पुढं मोबाइलवर येणाऱ्या बातम्याही वेगळ्या. आमच्यासारखे हजारो मित्र असेच लांब गेले आहेत, कुणी कुणाला काही न बोलता.

आमच्या गावात तर आठवणीही दोन आहेत. ३० जानेवारी १९४८ ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी उमरीची बँक लुटली. निजामाविरुद्धच्या लढ्याला त्यातून मोठी रक्कम मिळाली. शाळेत आम्ही दोघांनीही ही गोष्ट सारख्याच अभिमानानं ऐकली. मित्राचे आजोबा रझाकारांच्या काळातली धास्ती सांगायचे. माझ्या दादीच्या तोंडी मात्र 'मुक्तिसंग्राम' हा शब्द नव्हता. ती 'पोलीस ॲक्शन' म्हणायची आणि त्यापुढं काही बोलायची नाही.

ती गप्प का व्हायची हे मला मोठेपणी पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालातून कळलं. सरकारनंच पाठवलेल्या या समितीनं पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचं नाव घेतलं. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. त्यात रझाकारांच्या अत्याचारांचीही नोंद आहे आणि जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही. म्हणजे त्याच्या आजोबांची भीती खरी होती आणि माझ्या दादीचीही. लहानपणी या दोन्ही भीती एका बाकावर शेजारी बसल्या होत्या आणि काही बिघडत नव्हतं, कारण आम्ही रोज भेटत होतो. भेटणं थांबलं की घराघरातली आठवण तेवढी उरते आणि तिच्यावर कुणीही काहीही रचू शकतो.

तसं रचण्याचं काम मग मोबाइलनं केलं. आमच्या बॅचचा ग्रुप निघाला तेव्हा पहिले काही महिने जुन्या फोटोंचे होते. नंतर 'आलेलं पुढं पाठवलं' असं म्हणत जे येऊ लागलं ते मला माझ्या घराबद्दलचं वाटायचं. पाठवणारे दोघं-तिघंच, गप्प राहणारे चाळीस. त्या चाळिसांत माझा मित्रही होता. मी ग्रुप सोडला. ते योग्यच केलं असं आजही वाटतं. जिथं आपल्याबद्दल वाईट बोललं जातं तिथं दोस्ती म्हणून बसून राहणं ही काही सहनशीलता नव्हे. पण त्यानंतर आमचं बोलणंच थांबलं. नंबर दोघांकडेही होता.

असा नंबर बहुतेकांच्या फोनमध्ये असतो. कॅनडातल्या लारा ॲकनिन आणि ब्रिटनमधल्या जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. संपर्क तुटलेला एक तरी मित्र आहे असं ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं. मग ज्यांना बोलावंसं वाटत होतं, ज्यांच्याकडे पत्ता होता, त्यांना तिथंच वेळ दिला, तरी एक तृतीयांश लोकांनीसुद्धा निरोप पाठवला नाही. 'त्याला आवडणार नाही', 'अवघडल्यासारखं होईल' ही भीती. जुना मित्र त्यांना जवळजवळ अनोळखी माणसाइतका परका वाटत होता. त्याआधी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटानं दाखवलं होतं की अशी अचानक विचारपूस समोरच्याला आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आवडते. म्हणजे भीती खरी असते, पण तिचा अंदाज चुकलेला असतो.

आपल्याकडे या संकोचाला आणखी एक पदर आहे. मुसलमान मित्र विचार करतो, तो अजून तसाच असेल का, की ग्रुपवरच्या सारखा झाला असेल? हिंदू मित्र विचार करतो, आता काय बोलू, त्याला काही लागलं तर? दोघंही वाट पाहतात आणि दोघांनाही दुसऱ्याची शांतता म्हणजे उत्तर वाटतं.

आमच्या बाबतीत सुटका आयांनी केली. त्या दोघी मंगळवारच्या बाजारात भेटत राहिल्या होत्या. अम्मीनं एकदा सहज सांगितलं, "उसकी माँ पूछ रई थी तेरे कू. तुमे दोनो बातां नै करते क्या?" मी फोन लावला. ईद नव्हती, दिवाळी नव्हती, साधा गुरुवार होता. पलीकडून आवाज आला, "हां, बोल रे." माझं नाव त्याच्या फोनमध्ये होतं. काकूंचे गुडघे, अब्बांची शुगर, पोरांच्या शाळेच्या फिया, एवढंच बोललो.

ग्रुपचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला, त्याच्या घरी, जेवण झाल्यावर. तो म्हणाला, "मी ग्रुप म्यूट करून टाकला होता. पाठवणाऱ्यात आमचे पाहुणे आहेत, काय बोलणार?" मी त्याला सांगितलं, की तुझं गप्प बसणं माझ्या बाजूनं कसं दिसलं. त्यानं ऐकून घेतलं. सगळं मिटलं असं नाही. काही गोष्टींवर आमचं आजही पटत नाही आणि तो मत कुणाला देतो ते मी विचारत नाही. पण आता काही भलतंसलतं आलं की तो मला पाठवतो, "हे खरं आहे का रे?" आणि आमच्याकडच्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल काही आलं की मी त्याला विचारतो. अफवा कानावर आल्यावर विचारायला पलीकडे एक माणूस असणं ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे.

काही वाचक म्हणतील, दरवेळी आम्हीच का पुढं व्हायचं? आणि एका दोस्तीनं काय होणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसरा आधी घेतो. आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगलींच्या अभ्यासात दाखवलं आहे की मोठ्या शहरांत नुसती शेजाऱ्यांची ये-जा पुरत नाही, दोन्ही समाजांच्या व्यापारी संघटना, कामगार संघटना, मंडळं लागतात. लहान गावांत मात्र रोजचा संबंधही बरंच काही धरून ठेवतो. उमरी अजून इतकी लहान आहे. दोस्ती न्यायाची जागा घेत नाही, हे खरंच. खोली नाकारली जाते त्यावर शिरखुर्मा हा इलाज नाही. पण त्या अन्यायाबद्दल पलीकडच्या कुणाला सांगायचं तर ऐकणारा कुणी असावा लागतो.

आता पहिला प्रश्न. आधी फोन करणं म्हणजे कबुली देणं नव्हे. अबोला तीन दिवसांपलीकडे नेऊ नये आणि आधी सलाम करणारा चांगला, हे आपल्याला लहानपणी शिकवलं गेलं. तीळगूळ देऊन गोड बोलायला त्यालाही शिकवलं होतं. जो आधी बोलतो तो लहान होत नाही, हे दोन्ही घरांत माहीत आहे.

बिगरमुस्लिम वाचकांना एक वेगळी विनंती आहे. तुमचा जुना मित्र ग्रुपमधून निघून गेला असेल तर त्याला 'का गेलास' असं ग्रुपवर विचारू नका. फोन करून विचारा. आणि त्याच्यासमोर जे बोलता ते तो नसतानाही बोला.

दोघांनाही सांगतो, शुभेच्छांचं चित्र पाठवून हे काम होत नाही. आवाज ऐकू द्या, जमलं तर घरी जा. पहिल्या भेटीत देशातल्या सगळ्या गोष्टींचा जाब विचारू नका, कुणा एकाकडे अख्ख्या समाजाचं वकीलपत्र नसतं. पण अवघड विषय कायमचा टाळूही नका, नाहीतर दोस्ती पुन्हा 'बरं चाललंय'वर येईल. आणि जाताना पोरांना बरोबर न्या.

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्याकडे परत जाऊन शोधायला एक जुना मित्र तरी होता. माझा मुलगा आणि त्याची मुलगी एका वयाचे आहेत, शाळा वेगळ्या, गल्ल्या वेगळ्या. चाळिशीत त्यांना असा फोन करावासा वाटला, तर करायला नंबर कुणाचा असेल? तो आत्ताच त्यांना मिळवून द्यायला हवा.