डिमसमची वाफ आणि 'शुद्ध शाकाहारी'ची पाटी

मुंबई-पुण्यातील बऱ्याच चायनीज हॉटेलांच्या मेनूकार्डावर आता 'व्हेज डिमसम' आणि 'जैन डिमसम' असे दोन वेगळे रकाने दिसतात. डिमसम म्हणजे आपल्या उकडीच्या मोदकाचा चिनी चुलतभाऊ. पातळ पारी, आत सारण, आणि बांबूच्या गोल टोपलीत वाफवणे. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील चहाघरांत हा पदार्थ चहाबरोबर खाल्ला जातो. त्याचे तिकडचे नेहमीचे सारण कोळंबीचे किंवा डुकराच्या मांसाचे. शाकाहारी प्रकारात मशरूम, कोबी, गाजर, टोफू भरतात. आमच्या आंबवड्यात तो मिळत नाही. भोरला गेले तर गाडीवरचे मंचुरियन मिळते, तेवढेच. (आंबवडे म्हटले की पुष्कळ धम्मबांधव विचारतात, हेच का बाबासाहेबांचे मूळ गाव? नाही. ते आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. आमचे आंबवडे भोर तालुक्यातले.)

ते मंचुरियनही चीनचे नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत चिकन मंचुरियन केले, आणि पुढे चिकनच्या जागी कोबीचे गोळे आले. गिऱ्हाईक पाहून सारण बदलणे हा हॉटेलवाल्याचा धंदाच आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती सारणावर नंतर चिकटवलेल्या एका शब्दाबद्दल.

पुण्यात न्यायालयाचे काम आटोपून आम्ही चार वकील एका चायनीज हॉटेलात बसलो होतो. आमच्यातील एक स्नेही जन्मापासून शाकाहारी. वेटरने टोपल्यांची उतरंड आणून ठेवली, खाली चिकनचे डिमसम, वर भाजीचे. स्नेह्यांनी विचारले, "हे वाफवले पण असेच का, एकावर एक?" प्रश्न अगदी रास्त होता. खालच्या टोपलीची वाफ वरच्या टोपलीतून जाते, ती रचनाच तशी असते. "नाही साहेब, व्हेजचा स्टीमर वेगळा आहे," वेटर म्हणाला. स्नेह्यांनी दोन टोपल्या संपवल्या. बाहेर पडताना मात्र म्हणाले, "डिमसम उत्तम होते. पण हॉटेल शुद्ध नाही."

या वाक्याचा विचार केला पाहिजे. त्यांच्या ताटात मांसाचा कण नव्हता, वाफसुद्धा वेगळी होती. मग अशुद्ध काय होते? शेजारच्या ताटात माझे चिकन होते, पलीकडच्या टेबलावर कुणी मासे खात होते. म्हणजे अशुद्धता अन्नात नव्हती, ती शेजाऱ्यात होती! शाकाहार म्हणजे मी काय खातो. 'शुद्ध शाकाहार' म्हणजे माझ्याजवळ बसून दुसऱ्याने काय खाऊ नये. या दोहोंची गल्लत आपल्याकडे सर्रास केली जाते.

चिनी बौद्धांचा शाकाहार मोठा आणि जुना आहे. लिआंग वंशाचा सम्राट वू (इ. स. ५०२ ते ५४९) याने भिक्खूंना मांस आणि मद्य वर्ज्य करायला लावले, आणि तेव्हापासून तिकडच्या विहारांची स्वयंपाकघरे शाकाहारी होत गेली. तिथल्या एका प्रसिद्ध भाजीचे नावच 'लुओहान झाई', म्हणजे अर्हतांचे शाकाहारी जेवण. विहारात कांदा-लसूणही चालत नाही, आणि वर्ज्य पदार्थांच्या यादीत चक्क हिंग आहे. आपल्या कित्येक सोवळ्या घरांची आमटी तिथे नापास होईल! यामागे त्यांनी कारण सांगितले ते करुणेचे आणि चित्त स्थिर ठेवण्याचे. मांस खाणाऱ्याच्या सावलीने जेवण बाटते, असे नव्हे.

तथागतांनी तर शाकाहाराची सक्तीही केली नाही. देवदत्ताने ज्या पाच अटी घातल्या, त्यांत भिक्खूंनी मासे-मांस आजन्म वर्ज्य करावे ही एक होती. तथागतांनी ती नाकारली. आपल्यासाठी प्राणी मारला गेल्याचे पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, तर भिक्षेतले मांस भिक्खूला चालते, असा विनयाचा नियम आहे. त्यांचे अखेरचे भोजन चुंदाच्या घरी झाले. चुंद हा धातुकाम करणारा कारागीर. त्याने वाढलेले 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचे मांस की अळंबी, यावर पंडितांचा वाद आजही चालू आहे. त्या वादात आम्हाला रस नाही. त्यानंतर तथागतांनी आनंदाला जे बजावले ते मोठे आहे. चुंदाला कुणी दोष देऊ नये, त्याला पश्चात्ताप होऊ देऊ नये. मृत्यूच्या दारात असलेला महामानव वाढणाऱ्याच्या मनाची काळजी करतो आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अहिंसेचा उलगडा केला तोही असाच. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, दारू न पिण्याची आहे. मांस न खाण्याची नाही. ज्या उपासक-उपासिकांना करुणेपोटी शाकाहार करायचा असेल त्यांनी तो जरूर करावा, त्यांचा आदरच आहे. पण 'बौद्ध झालात ना, मग मटण कसे खाता?' असा उपदेश करणाऱ्यांनी आधी बावीस प्रतिज्ञा वाचाव्यात.

आता त्या 'शुद्ध' शब्दाकडे येऊ. भोरहून वरंधा घाट उतरले की महाड. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर गावगुंडांनी मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला केला, अन्न मातीत मिसळले. आणि मग तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले! जनावरे पाणी पीत तेव्हा तळे बाटत नव्हते. कापूरहोळला महामार्गावर आले की 'शुद्ध शाकाहारी' पाट्या सुरू होतात. ही पाटी लावणाऱ्या प्रत्येक हॉटेलवाल्याच्या मनात जात असते, असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेकांना फक्त गिऱ्हाईक हवे असते. पण शब्द त्या घागरींतलाच आहे.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर चित्र गमतीचे आहे. शाकाहारी गिऱ्हाइकाला कोळंबीचे डिमसम वाढले, तर ती सेवेतील त्रुटी. ग्राहक आयोगात त्याचे वकीलपत्र मी आनंदाने घेईन, कारण डिमसमच्या पारीवरून आतले सारण ओळखता येत नाही आणि खाणाऱ्याला ते कळण्याचा हक्क आहे. पाकिटावर हिरवा ठिपका त्यासाठीच असतो. दुसरीकडे नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ चे कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात मज्जाव करणे, तिथली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे घडले तर कारण अस्पृश्यताच होते, असे गृहीत धरायला कलम १२ सांगते. आरोपीला मात्र हे गृहीतक खोडून काढता येते. 'जातीचा प्रश्नच नाही, फक्त आहाराचा आहे,' या बचावाला तिथून वाट मिळते.

२०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या खाणावळीत शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखली गेली. त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. घरांचे तेच. एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवायला मान्यता दिली. 'फक्त शाकाहारींना' घर देणाऱ्याला तर जात विचारण्याचीही गरज उरत नाही, स्वयंपाकघर विचारले की पुरते.

शेवटी आपल्या वस्तीबद्दल. समाजबांधवांनो, अलीकडे गावोगावच्या आपल्या मंगलपरिणयाच्या पत्रिकांवरही 'शुद्ध शाकाहारी भोजन' छापले जाऊ लागले आहे. गावातली इतर मंडळी जेवायला यावीत, एवढीच भाबडी अपेक्षा. ती मंडळी येतात, पाकीट देतात, फोटो काढतात, आणि 'आत्ताच जेवून आलो' म्हणत निघून जातात. श्रीखंड-पुरी उरते. अडचण पुरीत नव्हतीच, ती वाढणाऱ्याच्या हातात होती. सहभोजनाने जात मोडत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये लिहून ठेवले आहे. इथे तर सहभोजनही होत नाही. लग्नात वरण-भात करायचा की मटण, हे घरच्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे ठरवावे. पत्रिकेवर 'भोजन' एवढाच शब्द पुरे, आणि छापणारा 'शुद्ध' घालू का म्हणून विचारेल तेव्हा त्याला नको म्हणून सांगा.